दुमडीतला धागा

१

सुट्टीच्या सकाळी नवऱ्याला जुन्या बाजारात जाऊ दिलं नाही, तर तो दिवसभर तोंड पाडून घरात फिरतो. म्हणून मी त्याला जाऊ देते. तो चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. आठवडाभर लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेतो आणि सुट्टी आली की दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या वस्तू निरखायला निघतो. आमच्या घरात झाकण नसलेली किटली आहे, किटली नसलेलं झाकण आहे (ते तिला बसत नाही), आणि बुद्धिबळाचा एक संच आहे, त्यात एका उंटाच्या जागी बाटलीचं बूच उभं असतं. हौसेला मोल नसतं, असं तो म्हणतो. जागा मात्र लागते, असं मी म्हणते. पण तो पिशवी घेऊन दारात दिसला की हातातलं काम टाकून मीच आधी धावते.

माझं काम रफूचं. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल आहे, तिथे बसून करते. विस्तवाची ठिणगी पडलेला कोट, खिळ्यात अडकून फाटलेली पँट, कसर लागलेली शाल, असं काय काय येतं. रफू म्हणजे ठिगळ नव्हे. ठिगळ दिसतं. रफूत भोकावर एकेक धागा घालून नवं कापड विणायचं असतं, आणि तो धागा बाहेरून आणायचा नसतो. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून, हळूच ओढून काढायचा. कपडाच फार विरला असेल, दुमडीतही जीव उरला नसेल, तर त्याच ताग्यातलं दुसरं कापड शोधायचं. तरच रंग जुळतो.

हे मला आईने शिकवलं. तिच्या हाताखालून गेलेला कोट उजेडासमोर धरला तरी फाटला कुठे होता ते सापडायचं नाही. "आपण दोघी एकाच ताग्यातल्या," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. मला तेव्हा लाज वाटायची.

आता आई आमच्याकडेच असते. ती विसरत चालली आहे. आधी चष्मा विसरली, मग शेगडीवरचं दूध, मग रस्ते. शेवटी मला विसरली. मला ती "अहो बाई" म्हणते. अगदी अदबीने. जन्मात दिला नाही इतका मान ती आता मला देते.

त्या दिवशी पिशवीतून शिवणाचा एक लाकडी डबा निघाला. आत रफूची अळंबी होती. मोज्यात घालून भोक ताणून धरायला असते ना, अळंबीसारखी लाकडी, ती. मूठ कुणाच्या तरी हाताने झिजून गुळगुळीत झालेली. झाकणाच्या आतल्या मऊ अस्तरात एकच सुई खोचलेली होती. मी तर खूशच झाले. आईनेही अळंबी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"छान आहे हो बाई," ती म्हणाली. "नीट ठेवा. जिची आहे ती कामाला बसेल तेव्हा शोधेल."

२

आमची मुलगी ठकी. खरं नाव शाळेच्या दप्तरापुरतं, घरात सगळ्यांची ठकीच. ती मोजे घालते की खाते हे आम्हाला अजून कळलेलं नाही. त्याच आठवड्यात तिच्या निळ्या मोज्याची टाच गेली. मी मोजा टेबलावर टाकला आणि विसरले.

सकाळी पाहिलं तर टाच भरलेली होती. मी बोट फिरवलं, काही लागलं नाही. मोजा उलटा केला. वरच्या पट्टीच्या दुमडीतून धागा काढलेला होता, नियमाने जसा काढायला हवा तसाच. डब्यातल्या सुईला निळ्या धाग्याचं बोटभर टोक लटकत होतं.

मी खुर्चीत बसून थोडी रडले. आनंदाने. असं काम करणारं या घरात आणखी एकच माणूस होतं. डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत, असं म्हणतात. मी गुपचूप बसायचं ठरवलं. विचारलं तर ती गोंधळेल, लाजेल, आणि जे जुळून आलंय ते पुन्हा तुटेल. उलट मी आणखी एक फाटकं झबलं मुद्दाम टेबलावर ठेवलं.

तेही झालं. मग नवऱ्याची छत्री झाली, पडद्याची खालची कड झाली. नवऱ्याच्या खिशाला पडलेलं भोक भरलं, तेव्हा तो म्हणाला, "बघ, माझा डबा पायगुणाचा निघाला."

पडदा हातात घेऊन मी आईकडे कौतुकाने पाहिलं, तर ती माझ्याकडे तशाच कौतुकाने बघत होती.

"फार सुरेख हात आहे हो तुमचा," ती म्हणाली. "कुणी शिकवलं?"

३

मनात पाल चुकचुकली, पण मी तिला हाकललं. आई करते आणि विसरते. साधी गोष्ट आहे. जी मला विसरते ती एक मोजा विसरणार नाही?

तरी एका दुपारी मी तिच्याजवळ सुई आणि धागा घेऊन बसले. खेळ म्हणून. तिने सुई घेतली, टोकाकडून. धागा दुसऱ्या हातात धरला आणि दोन्हींकडे पाहत राहिली, पाहुण्यांच्या घरी कुठला चमचा कशाला घ्यायचा हे न कळणाऱ्या माणसासारखी. मग सुईचं टोक तिच्या बोटात गेलं. ती ओरडली नाही. "माफ करा हं," म्हणाली आणि दोन्ही वस्तू नीट माझ्या हातात परत दिल्या.

आत जाऊन मी नवऱ्याला विचारलं, "तू करतोस का रे हे?"

"मी?" तो म्हणाला. "मला शर्टाचं बटण लावता येत नाही म्हणून तू लग्नात हसली होतीस."

मग मी स्वतःवरच संशय घेतला. झोपेत चालणारी माणसं असतात, झोपेत शिवणारीही असतील. पण रफू करून माझ्या उजव्या हाताचं बोट दुखतं, आणि ते दुखत नव्हतं.

४

ठकी झोपाळ्यावरून पडली. गुडघा चांगलाच सोलवटला. मी धुतला, औषध लावलं, पट्टी बांधली. तिने घर डोक्यावर घेतलं, ते जेवायची वेळ झाल्यावर उतरवलं.

सकाळी पट्टी काढली तर गुडघ्याला काही नव्हतं.

"बरं झालं!" ठकी म्हणाली आणि दोन्ही पायांनी उडी मारून दाखवली. मी तिला खिडकीत नेलं. समोरून बघितलं तर साधा गुडघा. तिरक्या उजेडात धरला, तेव्हा दिसलं. कातडीवर अगदी बारीक जाळी होती, एक धागा वरून, एक खालून. माझं रोजचं काम आहे. मला त्यात चूक होणार नाही.

माझा हात आपोआप दुमड शोधू लागला. कानामागे, केस सुरू होतात तिथे, केसाएवढी पांढुरकी रेघ होती. धागा ओढून काढला की कापडावर राहते तशी.

"दुखतंय का गं इथे?"

"गुदगुल्या होतात," ठकी म्हणाली. "काल पण झाल्या."

नवऱ्याने पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिलं. मुलांच्या जखमा लवकर भरतात, असं म्हणाला. पण तो डबा त्याने स्वतःच उचलून दाराशी ठेवला. "येत्या सुट्टीला परत देऊन येतो," एवढंच बोलला. एकदा घेतलेली वस्तू परत द्यायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

५

ती सुट्टी आली. तो पिशवीत डबा घालून चपला शोधत होता, मी चहा गाळत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "बबडे, त्याला रिकाम्या पोटी कुठे पाठवतेस?"

मला बबडी म्हणणारं जगात एकच माणूस. चहा ओट्यावर सांडला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. केस तिने स्वतः विंचरले होते. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात मी होते. "अशी काय बघतेस?" ती म्हणाली. "आणि किती वाळलीस गं. काम अंगावर घेऊ नको म्हटलं तर ऐकशील तर ना."

मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "पुरे, पुरे, चहा पुस आधी." इतकं छान मला कुणी कधी रागावलं नव्हतं.

नवरा पिशवी हातात घेऊन उभाच होता. मी त्याच्याजवळ गेले, पिशवी घेतली, डबा उघडून पाहिला. सुईला लाल धाग्याचं टोक होतं. घरात लाल असं काहीच फाटलेलं नव्हतं.

"राहू दे डबा," मी म्हटलं.

"अगं पण..."

"राहू दे म्हटलं ना."

लाल टोक मी सुईतून काढलं आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवलं. का ठेवलं ते सांगता येणार नाही. आमच्या कामात धागा टाकत नाहीत.

६

ते दिवस फार गोड गेले. आई ठकीला सुई धरायला शिकवू लागली. जावयाची किटली आणि झाकण घेऊन तिने असा काही निकाल लावला की किटलीत रोपटं आलं आणि झाकण त्याच्याखाली बशी म्हणून गेलं. संध्याकाळी आम्ही सगळे खिडकीशी बसायचो आणि ती जुन्या गोष्टी सांगायची.

एकदा ती सांगत होती, "लाल फ्रॉक घातला होता मी. शाळा सुटली, सगळ्या मुली गेल्या, मी एकटी फाटकाशी उभी. आईचा पत्ता नाही. फाटकाच्या गजाचा रंग निघत होता, तो मी नखाने सोलत बसले. वाटलं, आई मला विसरली."

ठकीने विचारलं, "मग?"

"मग काय, आली ना आई. धावत."

नवऱ्याचं हसू मधेच थांबलं. "आई, ही तर हिची गोष्ट," तो माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "लग्न ठरलं तेव्हापासून ऐकतोय. लाल फ्रॉक, गजाचा रंग. जरा उशीर झाला की ही मला तीच ऐकवते."

"मी?" मी म्हटलं.

मला शाळा आठवत होती. वर्ग, बाक, बाई. पण फाटक आठवत नव्हतं. शाळेला फाटक असणारच, म्हणून मी ते डोळ्यांसमोर आणायला गेले, तर तिथे काहीच नव्हतं. वाईट काही नव्हतं, फक्त काहीच नव्हतं. माझा हात कानामागे गेला. तिथे एक रेघ लागली.

मी लगेच उठून भाजी चिरायला घेतली. मन स्वच्छ होतं. आईच्या दुमडीत काही उरलं नव्हतं, म्हणून त्याच ताग्यातलं दुसरं कापड शोधलं गेलं. बरोबरच होतं. मीही तेच केलं असतं. एका फाटकाच्या बदल्यात आई मिळत असेल, तर असली फाटकं माझ्याकडे पुष्कळ होती.

७

त्यानंतर एका दुपारी मी टेबलाशी डुलकी घेत होते. आई समोरच्या आरामखुर्चीत झोपली होती. मानेपाशी बारीक ओढ लागली. दुखलं नाही, गुदगुल्या झाल्या. डोळे पुरते उघडायचे नाहीत, एवढं मला आतून कळलं. मी पापण्यांच्या फटीतून पाहिलं.

खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात एक धागा ताठ होता, माझ्या बाजूने आईच्या बाजूला गेलेला. तो थांबत थांबत सरकत होता. आईच्या कपाळावरच्या सगळ्या सुरकुत्या नाहीशा झाल्या होत्या. कपाळ गोल, गुळगुळीत ताणलं होतं, आतून काहीतरी धरल्यासारखं, मोज्यात आम्ही धरतो तसं. आणि खुर्चीमागे कुणीतरी खाली वाकलेलं होतं. कामात पार बुडालेलं. मला फक्त वाकलेली पाठ दिसली आणि दाताने धागा तोडल्याचा आवाज आला.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आई जागी होती आणि म्हणत होती, "बबडे, घोरत होतीस."

तरीही मी डबा ठेवला. भीती वाटली नाही असं नाही. पण मी तो ठेवला.

८

मग सुईला पिवळा धागा दिसला.

त्या सकाळी नाश्त्याला आई हसत सुटली. "काय मजा आली होती! पिवळा रेनकोट घालून मी डबक्यात अशी उडी मारली, की बाबांचा चष्मा चिखलाने भरला. बाबा मला दिसेनात, मी बाबांना दिसेना!"

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. ते बाबा म्हणजे तो. ती उडी ठकीची होती, नुकत्याच संपलेल्या पावसातली. घरी येऊन तिने ती आम्हाला इतक्यांदा करून दाखवली होती की फरशी पुसून माझ्या नाकी नऊ आले होते.

ठकीने घास गिळला. "कधी गं आजी?" तिने विचारलं. "मला सांग ना ती गोष्ट."

मी उठून पुढच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. एकाच ताग्यातल्या आम्ही दोघी नव्हतो. तिघी होतो.

आई मागोमाग आली. तिने दार लावलं. माझा चेहरा वाचायला तिला कधीच वेळ लागला नाही. "पाहू ती सुई," ती म्हणाली. मी दिली. पुठ्ठ्यावरचा लाल धागाही दिला. तिने दोन्ही धागे खिडकीत नेले, उजेडात धरले, बोटांत मळून पाहिले. मग माझ्या कानामागे बोट फिरवलं. मग स्वतःच्या.

"हात चांगला आहे," शेवटी म्हणाली. "अक्कल नाही. नव्या कोऱ्या कापडातून काढून विरलेल्याला लावतं का कुणी?"

"आई, मी डबा टाकून देते. आत्ता देते. झालेलं आहे ते तसंच राहू दे."

"आणि पोरीचा रेनकोट?"

मी बंद दाराकडे पाहिलं. पलीकडे ठकी होती.

"बारीक कात्री दे," ती म्हणाली. मी हलले नाही. कात्री टेबलावरच होती, माझ्या हाताखाली. ती दिली की काय होणार हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. "बबडे, दे. हे काम तुला नाही सांगणार. माझं मीच करते."

मी कात्री दिली.

ती आरामखुर्चीत उजेडाकडे पाठ करून बसली. कानामागे नख फिरवलं, टोक शोधलं, कात्रीने अलगद उचललं. मी खाली मान घातली. सर्र असा बारीक आवाज आला, शिवण उसवताना येतो तो. पलीकडच्या खोलीत ठकी एकदम खिदळली. "बाबा! तुमच्या चष्म्याला कसला चिखल लागला होता ना!"

"झाला तिचा," आई म्हणाली. तिचा आवाज दमला होता. "तुझा शेवटी ओढते. तोवर बोल माझ्याशी."

"काय बोलू?"

"काही पण. फाटकाशी बराच वेळ उभी होतीस ना गं?"

"मला नाही आठवत. ते तुझ्याकडे आहे."

"बराच वेळ," ती म्हणाली. "पण रडली नाहीस. शहाणी माझी."

तिने माझा हात धरला. दुसऱ्या हाताने ओढलं.

९

डबा नवऱ्याने नेला. जिथून घेतला तिथेच ठेवून आला, रिकाम्या पिशवीने परत आला आणि त्या दिवशी दुसरं काही विकत घेतलं नाही.

नेण्याआधी मी तो उघडून पाहिला होता. सुईला पांढऱ्या धाग्याचं टोक होतं. इतकं बारीक की आधी मला केस वाटला. ते मी पुठ्ठ्यावर गुंडाळलं नाही. तिथेच राहू दिलं.

फाटक मला परत मिळालं. लाल फ्रॉक, गजाचा सुटलेला रंग, नखात गेलेला त्याचा कपचा, सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त त्यात थोडं जास्त आहे. मधेच मला ते फाटक लांबून दिसतं, रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून. छाती फुटेस्तोवर धावतेय मी, चप्पल तुटलीय, आणि फाटकाशी एक लाल ठिपका उभा आहे. हे माझं नाही. मी तर फाटकाशी होते. जोड कुठे आहे ते मी पुष्कळ शोधलं. सापडत नाही.

काल संध्याकाळी मी आईजवळ बसले होते. ती खिडकीतून रस्ता बघत होती. मला ते लांबून दिसणारं फाटक आठवलं आणि डोळे भरून आले. तिने माझ्याकडे पाहिलं, थोडी संकोचली, मग परक्या बाईच्या हातावर ठेवावा तसा हलकेच माझ्या हातावर हात ठेवला.

"अहो बाई, रडू नका," ती म्हणाली. "येईल तुमची आई. होतो कधीकधी उशीर."

"हो," मी म्हटलं. "निघालीय ती."